हरवलेली नाडी

मुलांनो, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा. टुकटुक लागतेय ना? तीच नाडी. एका दुर्मिळ आजारात ती लागेनाशी होते. कधी हाताची, तर कधी पायाची!

१९०८ साली जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर मिकितो ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यात दिसलेल्या रक्तवाहिन्यांच्या विचित्र कड्याचं वर्णन केलं. पुढे आजाराला त्यांचंच नाव मिळालं. यात मोठ्या धमन्यांना सूज येऊन त्या आतून अरुंद होतात. भारतात पुष्कळदा पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या यात सापडतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं, की रक्तदाब वाढतो. अगदी शाळकरी मुलींचासुद्धा!

डॉक्टर हातापायांचा रक्तदाब मोजतात. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून अरुंद जागेतल्या रक्ताची सळसळ ऐकतात. अँजिओग्राफीत नेमकी जागा कळते. सूज औषधांनी आटोक्यात ठेवतात. गरज पडल्यास बारीक फुगा घालून धमनी रुंद करतात.

"बाई, डोकं दुखतंय," असं कुणी म्हटलं, की पूर्वी मला तो बहाणा वाटायचा. आता नाही वाटत. पालकहो, घाबरू नका; पण डोकेदुखी वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, "हिचा रक्तदाबही बघता का?"