घर स्वस्त की माणूस स्वस्त?

मुंबईतील दहा बाय दहाची खोली विकावी, त्या पैशात बीड जिल्ह्यातील आपल्या मूळ गावी चार खणांचे पक्के घर बांधावे, उरलेली रक्कम बँकेत टाकावी आणि सुखाने राहावे, असा सल्ला आमच्या नवदीक्षित कुटुंबांना हल्ली सर्रास देण्यात येतो. सल्ला देणारांत सोयरेधायरे आहेत, तसे प्लॉटचे दलालही आहेत. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत आगगाडी धावू लागल्यापासून या दलालांना विशेषच कंठ फुटला आहे. एकाने तर जागेपासून बुद्धविहार पाच मिनिटांवर असल्याचे आम्हांस सांगितले. विहार सापडला, पाणी मात्र सापडले नाही.

मुंबई-पुण्याचे घरभाडे कष्टकऱ्याच्या मिळकतीचा मोठा घास गिळते, ही गोष्ट कोण नाकारील? दलालाचे गणित खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अर्धवट आहे, आणि अर्धवट गणिताने आमच्या समाजाची आजवर पुष्कळ हानी केली आहे.

बीड जिल्ह्यात जागा स्वस्त का, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. पाच-सहा महिने ती उसाच्या फडाशेजारी कोपीत राहतात. त्यांची मुले एक तर त्यांच्याबरोबर शाळेला मुकतात, नाही तर म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा मुलूख पर्जन्यछायेचा. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. २०१६ साली ते कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. ज्या गावातून स्वतः गावकरीच अर्धे वर्ष पोटासाठी परागंदा होतात, तेथे भिंती स्वस्त असावयाच्याच! त्या भिंतींत राहणाऱ्याने खावे काय?

तथापि पोटाचा प्रश्न हा अर्धाच प्रश्न होय. १९१७ साली परमपूज्य बाबासाहेब बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांच्याजवळ पगार नव्हता काय? पदवी नव्हती काय? सर्व काही होते. नव्हते ते राहावयास घर. ज्या पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तेथून त्यांना हाकलून देण्यात आले. घर मिळणे न मिळणे हा आमच्या बाबतीत केवळ किमतीचा प्रश्न कधीच नव्हता. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणारांना त्यांनी खडसावून सांगितले की, खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके आहे. आज ज्यांनी दीक्षा घेतली त्यांनी नेमक्या त्याच डबक्याच्या काठी, गावकुसाबाहेरच्या त्याच वस्तीत, जागा स्वस्त आहे म्हणून परत जावयाचे काय?

आणि ती जागा तरी कोणाची? पुष्कळदा गायरानाची. याच बीड जिल्ह्याचे सुपुत्र एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या द्वारे भूमिहीनांना गायराने कसावयास लावली आणि २००६ साली नागपूरला हजारो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या लढ्याविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. परंतु त्या लढ्याचा धडा विसरून चालणार नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. त्यानंतर पाय ठेवणाऱ्यास त्याचे संरक्षण नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिल्यापासून तर दरवाजा अधिकच घट्ट बंद झाला आहे. आज गायरानात "पन्नास हजारांत गुंठा" घेणारा घर विकत घेत नाही, नोटीस विकत घेतो.

जमिनीचा वाद खेड्यात कोणत्या थरास जातो हे आठवावयाचे असेल तर मे २०२० मधील मांगवडगाव आठवावे. केज तालुक्यातील या गावी जमिनीच्या वादातून एका पारधी कुटुंबातील तिघांची हत्या झाली. एकटे कुटुंब, वादाची जमीन आणि वैरी शेजार! ही किंमत दलालाच्या कागदावर लिहिलेली नसते.

"मग आम्ही जन्मभर झोपडपट्टीतच कुजावे काय?" असा संतप्त प्रश्न कोणी करील. मुळीच नव्हे! जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्य समाजाने स्वतंत्र वसाहतींची मागणी केली, आणि १९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात पडीक सरकारी जमिनीवर अशा वसाहती वसविण्यासाठी वेगळी यंत्रणा मागितली. स्थलांतराला त्यांचा विरोध नव्हता. परंतु ते स्थलांतर समूहाने, हक्काच्या जमिनीवर आणि सरकारच्या जबाबदारीवर व्हावयाचे होते. एकेकट्या कुटुंबाने कर्ज काढून गावाच्या मेहेरबानीवर जाऊन पडणे याला आम्ही स्थलांतर म्हणत नाही, शरणागती म्हणतो.

आपण ज्या मंगलसुत्ताचे पठण करतो त्यात योग्य प्रदेशी वास करणे हे मंगल मानले आहे. योग्य प्रदेश म्हणजे स्वस्त प्रदेश असे भगवंतांनी सांगितलेले नाही. ज्याला बीड जिल्ह्यात यावयाचेच आहे, त्याने अंबाजोगाई, माजलगाव, परळी किंवा बीड यांसारखे गाव पाहावे, जेथे मुलीला दहावीनंतर शिकण्यासाठी एस.टी.च्या भरवशावर राहावे लागणार नाही. घरधनिणीचे मत आधी घ्यावे, कारण पाणी तिलाच वाहावे लागते. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही, हे लक्षात ठेवावे. मुद्रांकावर नोटरीची सही म्हणजे मालकी नव्हे. नोंदणीकृत खरेदीखत हवे, आणि त्यावर पतिपत्नी दोघांचीही नावे हवीत.

जे भूमिहीन आहेत त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची सबळीकरण योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, आणि २०१८ पासून पूर्ण अनुदानावर! परंतु सरकारने खरेदीच्या दरावर अशी मर्यादा घातली आहे की त्या दरात कसदार जमीन विकण्यास कोणी पुढे येत नाही. ज्या दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, त्यांच्या नावाच्या योजनेची ही दशा! दलालाच्या दारी जाण्यापूर्वी प्रत्येक विहारातील दहा-वीस कुटुंबांनी मिळून समाजकल्याण कार्यालयात अर्ज द्यावेत, पोच घ्यावी, आणि जमीन मिळत नाही असे उत्तर आले तर ते लेखी मागावे.