पानथरीतील गाठ आणि गर्भारपण

काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की गल्लीत मंगला गौरीचे मंदिर लागते. या भागात, दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या आसपास, मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. लग्नानंतर पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजायची आणि रात्र फुगडी, झिम्मा, पिंग्याने जागवायची, ही मराठी घरांची रीत. नेमक्या याच पाच वर्षांत बहुतेक घरांत पाळणा हलतो. मग दिवस गेलेल्या सुनेने किती पायऱ्या चढाव्यात, खेळावे की नुसते बसावे, यावर घरात चर्चा झडतात. त्यातच सोनोग्राफीच्या कागदावर ‘पानथरीत पाण्याची गाठ’ असे लिहून आले, तर सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळते.

पानथरी म्हणजे प्लीहा. डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असलेला हा सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचा अवयव. जुन्या तांबड्या पेशी गाळून काढणे आणि जंतूंशी लढणे हे त्याचे काम. त्यात द्रव भरलेली पिशवी तयार झाली की तिला सिस्ट म्हणतात. हा विकार विरळा आहे. बहुतेकींना त्याचा त्रास होत नाही आणि बाळासाठी केलेल्या तपासणीतच तो उघडकीस येतो.

गाठ कशामुळे होते?

काही गाठी जन्मजात असतात. काही पूर्वी कधी पोटाला मार बसून आत साकळलेल्या रक्तातून होतात. तिसरा प्रकार हायडॅटिड जंताचा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अन्नपाण्यात येतात. म्हणूनच डॉक्टर लहानपणीचे अपघात, घरातली कुत्री, शेळ्या-मेंढ्या यांची चौकशी करतात. तिला मोकळेपणाने उत्तरे द्यावीत. हायडॅटिडची शंका असेल तर रक्ततपासणी करतात. गाठीत सहज सुई घालणे अशा वेळी धोक्याचे असते. आतले पाणी पोटात सांडले तर तीव्र ॲलर्जी होऊन जिवावर बेतू शकते.

धोका कोणता?

गर्भारपणात शरीरातील रक्त वाढते आणि वाढते गर्भाशय पोटातील जागा व्यापते. मोठी गाठ त्यात दाबली जाते. ती फुटली किंवा पानथरीतून रक्तस्राव झाला, तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. असे क्वचितच घडते, पण लक्षणे घरच्यांना ठाऊक हवीत. डाव्या बरगडीखाली एकाएकी कळ येणे, ती डाव्या खांद्यापर्यंत जाणे, भोवळ, घाम, नाडी जलद होणे. खांदा दुखतो म्हणून बाम चोळत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

उपाय काय?

गाठ लहान असेल आणि त्रास नसेल, तर ठराविक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवणे पुरते. अधिक माहिती हवी असल्यास एमआरआय करता येतो. सीटी स्कॅनमधील किरणोत्सर्गामुळे तो शक्यतो टाळतात. गाठ साधारण ५ सेंटीमीटरहून मोठी असेल, वाढत असेल किंवा दुखत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यासाठी चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा मानतात. तेव्हा पहिल्या महिन्यांची नाजूक अवस्था संपलेली असते आणि गर्भाशय फार मोठे झालेले नसते. दुर्बिणीतून गाठ काढून पानथरीचा निरोगी भाग राखण्याचा प्रयत्न होतो. संपूर्ण पानथरी काढावी लागली, तर न्यूमोनिया, मेंदूज्वर अशा आजारांविरुद्धच्या लसी आवश्यक ठरतात. शक्य असल्यास त्या शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी देतात.

केवळ गाठ आहे म्हणून सिझेरिअन करावेच लागते असे नाही. गाठीचा आकार आणि आईची प्रकृती पाहून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ते ठरवतात. मात्र बाळंतपण रक्तपेढी आणि सर्जन असलेल्या रुग्णालयातच व्हावे. माहेरी जायचे असेल, तर सोनोग्राफीचे सर्व कागद सोबत न्यावेत आणि तिथल्या डॉक्टरांची भेट आधीच घ्यावी.

आणि मंगळागौर? पूजा जरूर करावी. पायऱ्या चढायच्या की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. फुगडी, झिम्मा आणि पोटाला हिसका बसेल असे सगळे खेळ मात्र या वर्षी वर्ज्य. सासूबाईंनी सुनेला पाटावर बसवून गाणी म्हणायला लावावीत. फेर धरायला जावा-नणंदा आहेतच.