शंखसुद्धा बेवारस वस्तूच
अंदमानात पोस्टिंग झालं की घरून पहिली फर्माईश येते शंखांची. माझं मत स्पष्ट आहे: बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, हा फौजेतला नियम प्रवाळातही पाळावा. जिऑग्राफी कोन हा नक्षीदार शंख जेमतेम १५ सेंटिमीटरचा. पण आतली गोगलगाय भाल्यासारखा पोकळ दात मारून मासा जागीच लुळा करते. त्या विषाने माणसंही दगावली आहेत आणि त्यावर उतारा नाही. श्वास चालू ठेवून रुग्णालय गाठायचं, एवढंच हाती उरतं. दूरच्या बेटावरून तेही सोपं नाही. म्हणून नव्या जवानांना सापांची माहिती देताना या शंखाचं चित्रही दाखवा. घरच्यांना फोटो पाठवा, तेवढा पुरे.