मिठाची बरणी

पावसाळा आला की आमच्या घरी मिठाच्या बरणीला पाझर फुटतो. यंदा हिने तळाशी तांदळाचे दाणे टाकले, झाकणाखाली फडके बांधले आणि बरणी चुलीच्या बाजूच्या फळीवर नेऊन ठेवली. "एवढ्याशा मिठाला केवढा हा बंदोबस्त!" असे मी म्हणालो खरा, पण सध्या मी ज्या मिठाविषयी वाचतो आहे, त्याच्या बंदोबस्तापुढे हे काहीच नव्हे.

ते मीठ सोडियम आयोडाइडचे. इटलीतील ग्रान सास्सो डोंगराच्या पोटात, सुमारे १४०० मीटर खडकाच्या आड, त्याचे अडीचशे किलो स्फटिक तांब्याशिशाच्या वेष्टणात ठेवले होते. विश्वातील द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के आपल्याला दिसतच नाही. त्याला 'कृष्णद्रव्य' म्हणतात. मराठीच्या मास्तराला हा शब्द खटकतो. काळी वस्तू निदान दिसते तरी. हे द्रव्य प्रकाश देत नाही आणि अडवीतही नाही! त्याचा एखादा कण स्फटिकातील अणूवर आदळावा आणि चिमुकली ठिणगी उडावी, एवढीच आशा.

जूनच्या सुरुवातीला पृथ्वीची चाल सूर्याच्या चालीला हातभार लावते, डिसेंबरात ती तिला मागे ओढते. म्हणून ठिणग्या जूनमध्ये किंचित अधिक दिसाव्यात. इटलीच्या 'दामा' मंडळींना १९९०च्या दशकाअखेरपासून वर्षानुवर्षे नेमके हेच दिसले! इतरांना मात्र काही सापडेना. पण त्यांची द्रव्ये निराळी. मग तुलना कशी व्हायची?

तेव्हा तेच मीठ घेऊन कोरियाने यांगयांगला २०१६ साली आणि स्पेनने कानफ्रांकला २०१७ साली पहारा बसवला. २०२५ साली दोघांनी आपल्या वह्या एकत्र मांडल्या. ती भरतीओहोटी त्यांत नव्हती.

या कामात खरा शत्रू घरातलाच. स्फटिकात पोटॅशियमचा वा शिशाचा लेश राहिला, तरी त्यातील किरणोत्सर्गाने खोट्या ठिणग्या उडतात. दमट हवेची झुळूकही त्याला सोसत नाही. कोरियाच्या मंडळींनी जुनेच स्फटिक पुन्हा घासूनपुसून घेतले, स्फटिक आणि प्रकाश टिपणारी नळी यांमधली क्वार्ट्झची काच काढून टाकली. उजेड सुमारे एकतृतीयांशाने वाढला. हे स्फटिक आता १००० मीटर खोलीवरील नव्या प्रयोगशाळेसाठी आहेत.

एकदा एका मुलाला मी ३१ गुण देऊन नापास केले होते. फेरतपासणीत ४३ झाले. राग आला, पण दुसऱ्या परीक्षकाने तीच उत्तरपत्रिका, शेवटच्या पुरवणीसकट, वाचली होती. मी ती पुरवणी पाहिलीच नव्हती. तो मुलगा आज स्वतः शिक्षक आहे. त्या दिवसापासून मी प्रत्येक गठ्ठा दोनदा उलगडतो.

इटलीचे काय चुकले, हे अजून कोणी उलगडून दाखवलेले नाही. म्हणून तर स्फटिक आणखी स्वच्छ करण्याची ही धडपड. हे सारे हिला सांगितले. ती म्हणाली, "ते करतील हो! तुम्ही आधी बरणीचे झाकण लावा."

ते मीच उघडे टाकले होते.