शिजवणाऱ्याच्या माथी

कायदा संसदेत होतो हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील विधान खरे असले, तरी अपुरे आहे. कायद्यातील शब्दाचा व्यवहारात अर्थ काय, हे पुष्कळदा एखाद्या कचेरीत ठरते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील अन्नसुरक्षा व तपासणी सेवेचे धोरण-कार्यालय ही अशीच एक कचेरी. मांस व कोंबडी यांच्या सुरक्षिततेचे नियम तेथे लिहिले जातात आणि तेथील मोठा वाद 'भेसळयुक्त' या एकाच शब्दाभोवती फिरत आला आहे.

अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांतील घाण चव्हाट्यावर आणली आणि १९०६ साली मांस-तपासणीचा कायदा झाला. कोंबडीसाठी वेगळा कायदा १९५७ साली आला. भेसळयुक्त माल विकता कामा नये, हा दोहोंचा गाभा. परंतु रोगजंतू म्हणजे भेसळ काय? साल्मोनेला जंतूंपुरते १९७४ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 'नाही' असे उत्तर दिले. गृहिणी अडाणी नसतात, त्या अन्न नीट शिजवतात, असा त्यामागील युक्तिवाद होता. गृहिणींचा हा गौरव कारखानदारांच्या चांगलाच पथ्यावर पडला, हे सांगावयास नकोच!

१९९२-९३च्या हिवाळ्यात एका उपाहारगृह-साखळीतील अर्धवट भाजलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले. चार मुले दगावली. १९९४ साली या सेवेने गोमांसाच्या खिम्यातील 'ई. कोलाय ओ १५७:एच ७' हा जंतू भेसळ ठरविला. लोक हॅम्बर्गर कमी भाजून खातात, तेव्हा शिजवण्यावर विसंबता येत नाही, अशी ही भूमिका होती. उद्योगाने न्यायालयात धाव घेतली. पण मनाई हुकूम मिळाला नाही. संसदेने कायद्याचे एक अक्षरही न बदलता धोरण बदलले ते असे.

साल्मोनेलाच्या बाबतीत मात्र हे घडले नाही. १९९६च्या नियमांनी प्रत्येक कारखान्यास धोक्याची ठिकाणे हेरून त्यांवर नियंत्रण ठेवण्याची योजना सक्तीची केली आणि साल्मोनेलाच्या चाचण्या सुरू केल्या. पण केवळ या चाचण्यांत नापास झाला म्हणून कारखाना बंद पाडता येणार नाही, असा निकाल २००१ साली अपील न्यायालयाने दिला. कोंबडीच्या मांसातील जंतूंची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे असेल व त्यांत विशेष घातक प्रकार आढळला, तर तो माल भेसळयुक्त मानावा, असा मसुदा अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर सात हजारांहून अधिक अभिप्राय आले आणि एप्रिल २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला.

आक्षेप सर्वस्वी निराधार होते असे नाही. लहान कारखान्यांवरील बोजा, वाया जाणारे अन्न, खात्याचा कायदेशीर अधिकार हे प्रश्न खरे आहेत. परंतु अमेरिकेत दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख लोकांना साल्मोनेलाची बाधा होते आणि सुमारे ४२० मृत्यू होतात, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. हा खर्च कारखान्याच्या जमाखर्चात येत नाही. तो घरोघरी विभागला जातो. शिवाय शेतमालाला बाजारपेठ मिळवून देणे आणि खाणाऱ्याचे रक्षण करणे, ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे आहेत.

मसुदा आधी प्रसिद्ध करून जनतेचे म्हणणे ऐकण्याची ही पद्धत निःसंशय चांगली आहे. पण उद्योगसंघांकडे पगारी वकील असतात. कोंबडी शिजवणाऱ्या बाईस असा मसुदा निघाल्याचे ठाऊकही नसते. आपल्याकडेही अन्नविषयक नियमांचे मसुदे राजपत्रात येतात व 'हरकती व सूचना' मागविल्या जातात. त्या किती ग्राहक पाठवितात? नियम लिहिला जात असताना खाणारा गैरहजर राहिला, तर जबाबदारी शेवटी त्याच्याच चुलीपाशी येऊन थांबणार, हे अमेरिकेच्या या अनुभवावरून ओळखले पाहिजे.