किल्ली कोणाच्या कनवटीला?

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय आभासी चलन बाजारावर दरोडा पडून सुमारे २३ कोटी डॉलरांचे धन गेले. बाजार पुन्हा उघडण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला. राळेगावसारख्या कापसाच्या गावचा तरुणही आज फोनवरून बिटकॉइन घेऊ शकतो. ते जपावे कसे, हे मात्र त्यास कोणी सांगत नाही.

दुसऱ्याच्या तिजोरीची किल्ली आपल्या कनवटीला नसते. स्वतःचे वॉलेट उघडले की १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. वॉलेटमध्ये पैसा नसतोच. त्याची नोंद असते सार्वजनिक खातेवहीत. तीवर हुकमत चालविणारी किल्ली या शब्दांतून घडते. फोन फुटला तरी शब्दांवरून सर्व परत मिळते. शब्द परहस्ते गेले की सर्व गेले, आणि दाद मागावयास बँकेचा व्यवस्थापकही नाही! म्हणून ते क्रमाने कागदावर लिहून दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. फोनवर छायाचित्र काढण्याचा आळशी मोह आवरावा. प्रथम अल्प रक्कम ठेवून वॉलेट पुसावे व शब्दांवरून पुन्हा उभे करून पाहावे. ही परीक्षा घेण्याचा कंटाळाच पुढे नडतो. आपल्या पश्चात कागद कोठे सापडेल, हे घरात एकास तरी ठाऊक असावे.

एप्रिल २०२२ पासून सरकार या नफ्यावर ३० टक्के कर घेत आहे. मग एवढ्या सूचना मराठीत छापून राळेगावच्या तहसील कचेरीत लावण्यास सरकारला अडचण कोणती, असा आमचा सवाल आहे.