दशरथाचा बाण आणि मावळातील बंदूक

भोर तालुक्यातील आंबवडे हे गाव पर्यटकांना नागेश्वराच्या मंदिरासाठी आणि झुलत्या पुलासाठी ठाऊक आहे. इतिहासाचे भान असलेल्याला ते आणखी एका कारणासाठी वंदनीय वाटते. स्वराज्यासाठी आपल्या वतनावर पाणी सोडायला सिद्ध झालेले कान्होजी जेधे आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा शिवरायांवरील वार विफल करणारे जिवा महाला, या दोघांच्या समाध्या याच गावात आहेत. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण मराठी घराघरांत पाठ आहे; परंतु त्या एका क्षणामागे किती वर्षांची तालीम उभी होती, याचा विचार किती जण करतात? शस्त्र जवळ असणे ही एक गोष्ट आणि शस्त्र येणे ही अगदी वेगळी गोष्ट. आज मावळात परवान्याच्या बंदुका आहेत. ती विद्या मात्र आम्ही गमावली आहे, आणि त्याची किंमत शेतकरीही मोजतो आहे व वन्यजीवही.

भाताचे खाचर आणि रानडुक्कर

आश्विन-कार्तिकात भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भाताचा दाणा भरू लागतो आणि त्याच वेळी रानडुकरांचे कळप रात्री खाली उतरतात. कळप जेवढे खातो त्याहून अधिक तुडवतो. वर्षभराचे कष्ट एका रात्रीत आडवे होतात. माळ्यावर बसून डबे वाजवणे, फटाके उडवणे, मशाली पेटवणे, हे उपाय आठवडाभर चालतात. मग डुकरे त्यांना सरावतात. हताश झालेला माणूस पुढे काय करतो? कोणी क्लचच्या तारेचा फास लावतो, कोणी कुंपणात वीज सोडतो, कोणी गावठी बॉम्ब पेरतो. त्या फासात बिबट्या अडकतो, त्या तारेला शेजारचाच शेतकरी चिकटतो आणि बॉम्बने जबडा फुटलेली गाय दिवसचे दिवस तडफडत राहते. हा अधर्म कोणाला दिसत नाही, कारण त्याचे छायाचित्र शहरापर्यंत पोहोचत नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्याने १९७२ मध्ये शिकारीवर कठोर निर्बंध घातले आणि ते योग्यच झाले. संस्थानिक आणि गोऱ्या साहेबांनी वाघांची जी कत्तल मांडली होती, तिला लगाम घालणे आवश्यकच होते. परंतु त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात, उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या विशिष्ट वन्य प्राण्याला अधिकृत परवानगीने मारण्याची तरतूदही आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत अशा परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली. म्हणजे कायदा आहे, कार्यपद्धती आहे. नाही तो फक्त नेमबाज. परवाना हातात आल्यावर गोळी झाडायची कोणी? ज्याने आयुष्यात एकदाही निशाणपट्टीवर सराव केलेला नाही, त्याने?

विस्मरणात गेलेला बाण

नेमबाजीचा विषय निघाला की आम्हाला अर्जुन आठवतो आणि त्याला दिसलेला पक्ष्याचा डोळा आठवतो. दशरथ मात्र कोणी आठवत नाही. शब्दवेधी विद्येत निपुण असलेल्या त्या राजपुत्राने शरयूकाठी अंधारात केवळ आवाजावर बाण सोडला. पाण्यावर हत्ती आला, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात तिथे आंधळ्या मातापित्यांसाठी पाणी भरणारा मुलगा होता. बाण अचूक लागला, हीच त्या कथेतील भीषणता आहे. नेमात चूक नव्हती, लक्ष्य न ओळखता नेम धरण्यात होती. आमच्या पूर्वजांनी ही कथा आदिकाव्यात उगाच ठेवलेली नाही.

२०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात, मनोर परिसरातील बोरशेतीच्या जंगलात नेमके हेच घडले. रानडुकराच्या मागावर गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. त्रेतायुगातला धडा आम्ही रामनवमीच्या कीर्तनात ऐकतो आणि रानात विसरतो.

दोन ढोंगे

या प्रश्नावर बोलणारे दोन वर्ग आहेत आणि दोघांचेही ढोंग उघड केले पाहिजे.

पहिला वर्ग वातानुकूलित प्राणिप्रेमाचा. रानडुकराला मारण्याची परवानगी म्हटले की यांचा कंठ दाटून येतो. फासात तीन दिवस कुजणाऱ्या जनावराविषयी आणि खाचराच्या बांधावर जागून काढलेल्या रात्रींविषयी मात्र यांची लेखणी उचलत नाही. भात यांना हवा, तोही आंबेमोहोर. तो राखायचा कसा, हा प्रश्न मात्र शेतकऱ्याचा! सृष्टीत ईश्वर पाहणारी आमची परंपरा आणि ही पाश्चात्त्य भावविवशता यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आमच्या परंपरेत करुणा कर्तव्याचा हात सोडत नाही.

दुसरा वर्ग नवश्रीमंत हौशीचा. परदेशातील शिकारक्षेत्रांत शुल्क भरायचे, हजार मीटरवरच्या हरणावर दुर्बिणीतून गोळी झाडायची आणि त्याचे चित्रण चारचौघांत मिरवायचे, ही नवी फॅशन आपल्याकडेही कौतुकाने पाहिली जाते. यात पराक्रम कुठला? जनावराला ज्याची चाहूलही लागणे शक्य नाही, त्याने धोका कोणता पत्करला? याच मानसिकतेची गावठी आवृत्ती म्हणजे वाढदिवसाला पिस्तूल उंचावून काढलेली छायाचित्रे आणि लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळ्या. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबारासाठी कायद्यात शिक्षा आली, हे उत्तम झाले. शस्त्र ही पूजेची आणि कर्तव्याची वस्तू आहे, मिरवण्याची नव्हे.

दूरचे अंतर काय शिकवते?

मग लांब पल्ल्याची नेमबाजी शिकूच नये काय? अवश्य शिकावी, पण तिचा हेतू नीट समजून. दोनशे मीटरवर नेम जुळवलेल्या सामान्य शिकारी रायफलीची गोळी चारशे मीटरवर पोहोचेपर्यंत अर्ध्या मीटरहून अधिक खाली उतरलेली असते. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा तिला वीतभराहून अधिक बाजूला ढकलतो. या प्रवासाला तिला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकते. काळजाचा नेम मग पोटात लागतो. जखमी डुक्कर झुडपात शिरते, रात्रभर मरते किंवा सकाळी सरपणाला गेलेल्या माउलीच्या अंगावर येते. शिवाय चुकलेली रायफलची गोळी तीन किलोमीटरांहूनही दूर जाऊ शकते, आणि मावळात असा कोणता डोंगर आहे ज्याच्या पलीकडे एखादी वाडी नाही? डुकरामागे मातीचा भरभक्कम उतार नसेल, तर चाप ओढणे हा गुन्हाच होय.

ही सारी गणिते कागदी लक्ष्यावर, श्वास आवरत, वारा वाचत शिकलेला तरुण एक गोष्ट कायमची शिकतो : आपली मर्यादा. जो चारशे मीटरवर स्वतःच्या चुका मोजून आला आहे, तो रानात ऐंशी मीटरपर्यंत जाऊन, लक्ष्य ओळखून, मागची जमीन पाहूनच गोळी झाडतो; आणि शंका आली तर बंदूक खाली ठेवतो. दूरचे अंतर मैदानावर शिकायचे, ते रानात जवळ जाण्यासाठी. न शिकलेला मात्र बारा बोरच्या बंदुकीने, जिचा छर्रा चाळीस-पन्नास मीटरपुढे निष्प्रभ होतो, शंभर मीटरवरच्या सावलीवर बार काढतो.

विद्या कोणी हिरावली?

१८७८ च्या शस्त्रकायद्याने लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदुस्थानला निःशस्त्र केले. बंदुका गेल्या, त्यापाठोपाठ हळूहळू वृत्तीही गेली. त्याआधी पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत सर्व जातींची मुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकत. जोतीराव फुले हे त्यांच्यापैकीच एक. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभारली, ती याच हरवलेल्या वृत्तीच्या पुनर्जागरणासाठी.

आणि हे तेज संपलेले नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये म्युनिकला रायफल नेमबाजीत जागतिक अजिंक्यपद मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक जिंकले. डोंगराळ गावातला मुलगा जगात तिसरा येतो, तर आंबवड्याच्या मुलाला शास्त्रशुद्ध नेम शिकता येणार नाही काय? पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीला शासनाच्या पैशाने उभारलेली अद्ययावत नेमबाजी केंद्राची वास्तू आहे. भोरच्या शेतकऱ्याच्या मुलासाठी तिचे दार कधी उघडणार? यवतमाळ जिल्ह्यात २०१८ मध्ये वाघिणीच्या प्रश्नावर शासनाला हैदराबादहून नेमबाज बोलवावे लागले आणि नंतरचा वाद न्यायालयापर्यंत गेला. एवढ्या मोठ्या राज्याला हे भूषणावह आहे काय?

काय झाले पाहिजे

मागणी साधी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली. शेतीसंरक्षणाच्या परवान्यासाठी तिला नेमाच्या प्रत्यक्ष परीक्षेची जोड द्यावी. वनखात्याने प्रत्येक डोंगरी तालुक्यात शेतकऱ्यांच्याच मुलांतून मोजक्या नेमबाजांची नोंदणीकृत तुकडी तयार करावी. परवानगीचा अर्ज निकालात निघेपर्यंत पीकच कापून व्हावे, असा विलंब चालू नये. निवडणूक लागली की शेतीसंरक्षक बंदुका सरसकट ठाण्यात जमा करण्याची अनेक ठिकाणची रीतही तपासावी. रानडुकरांना आचारसंहिता लागू होत नाही. आणि त्याबरोबरच, परवानगीविना झाडलेल्या प्रत्येक गोळीला, मग ती कोणाच्याही नातलगाची असो, कठोर शिक्षा व्हावी.

आपल्यावरही काही जबाबदारी आहे. गावोगावी कार्य करणाऱ्या कार्यकर्त्याने फास आणि वीजतारा काढायला लावण्याचा आग्रह धरावा, शेतकऱ्याला अर्ज लिहून द्यावा, तरुणांना राष्ट्रीय छात्रसेनेची वाट दाखवावी. विजयादशमीला शस्त्रपूजन करणाऱ्या समाजाला शस्त्राचे शास्त्रही आले पाहिजे. ते नसेल तर पूजा हे केवळ कर्मकांड उरते आणि शस्त्र हा अपघात ठरतो. जिवा महालांच्या समाधीवर फूल वाहणाऱ्या हाताला निदान एवढे तरी कळावे, की त्यांचा वार जवळून झाला होता, लक्ष्य ओळखून झाला होता आणि दुसऱ्याच्या रक्षणासाठी झाला होता.